दोरीची ओढ

सुनेने होडीवरच्या नव्या चरखीची कळ दाबली आणि पहिला पिंजरा पाणी निथळत वर आला, तेव्हा तिला हसूच फुटलं. ज्या दोरीने दोघांच्या खांद्यांचा भुगा केला होता, ती आता लोखंडी चाकावरून सरसर येत होती. पिंजऱ्यात खेकडे एकमेकांवर चढत होते.

"बघितलंत मामा? बसल्या जागी!"

सासरे होडीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसले होते.

"हं."

चरखी घ्यायला त्यांचा पहिल्यापासून विरोध. का, म्हणून विचारलं तर ताकास तूर लागू देत नव्हते. शेवटी सूनच हट्टाला पेटली. चरखी बसवणारा मेकॅनिक म्हणाला होता, "वहिनी, खाली रेडा बांधा, तोही मुकाट वर येईल." त्यावरही म्हातारा हसला नव्हता.

नवरा होता तोवर पिंजरे तोच ओढायचा, हाताने. मग एका सकाळी होडी तेवढी किनाऱ्याला लागली. तो आला नाही, सापडलाही नाही. तेव्हापासून समुद्रावर ही दोघंच.

बाकीचे पिंजरे वर घेऊन झाल्यावर तिने होडी खडकापलीकडे वळवली. तिथला एक पिंजरा सासरे एकटेच ओढत. तिला सुकाणूवरून उठू देत नसत. तळ वाईट आहे म्हणत.

"हा राहू दे आज," ते म्हणाले.

"का म्हणून? आता तर चरखी आहे."

तिने पिंजऱ्याच्या खुणेचा तरंगता डबा आकड्याने ओढून घेतला, दोरी चाकावर चढवली. दोरी ताणली गेली. मोटर कण्हली. चाक थांबलं, आणि मग सावकाश उलटं फिरू लागलं.

तिने घाईने मोटर बंद केली. वारा नव्हता. पाणी तेलासारखं सपाट होतं.

"अडकलाय कुठेतरी," ती म्हणाली. पण अडकलेली दोरी नुसती ताणते. ही खाली चालली होती.

तिने दोरी हातात धरली. दोन हिसके, मग विसावा. दोन हिसके, मग विसावा.

तो ठेका तिच्या ओळखीचा होता. नवऱ्यासमोर बसून, त्याने ओढलेली दोरी तिने याच ठेक्यावर गुंडाळून ठेवली होती, लग्न झाल्यापासून.

तिने वर पाहिलं. सासरे दोरीकडे बघतच नव्हते. तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"रोज?" तिने विचारलं.

"रोजच."

"आणि तुम्ही काय करता?"

"धरून बसतो थोडा वेळ. मग तोच ढील देतो. पिंजरा येतो वर."

हिसक्यांमधला विसावा आता उरला नव्हता. ओढ सलग लागली. दोरी तिचा तळहात सोलत सरकली, तशी तिने मूठ आवळली. कोपर पाण्यात गेलं. मग खांदा.

"सोड, पोरी."

"तुम्हाला सोडतो ना तो?"

"मला सोडतो." म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "तुला नाही सोडायचा."

तिने सोडली नाही. होडी एका अंगाला कलली, खेकड्यांची टोपली घसरत येऊन तिच्या पायावर आदळली. सासरे गुडघ्यांवर रांगत आले आणि त्यांनी सुरीने दोरी कापली. कापलेलं टोक पाण्यात गेलं, सावकाश, कोणी हातात गोळा करून घ्यावं तसं.

तिने एका हाताने होडी परत आणली. किनाऱ्यावर खेकडे विकले गेले, होडी धुऊन झाली.

संध्याकाळी ती पायरीवर बसली होती. सासरे मलमाची डबी घेऊन आले आणि कण्हत शेजारी टेकले.

"हात दाखव."

"नको, मामा."

"अगं, चिघळेल. दोन दिवसांत वळ निघून जाईल याने."

तिने मूठ उघडली नाही.