उशाशी ठेवलेली डबी

सकाळपासूनच्या तिसऱ्या गिऱ्हाइकानंही तेच विचारलं. "बाई, विहिरीत बसून बोलता का हो तुम्ही? माझंच बोलणं मला परत ऐकू येतंय. माझं मलाच ऐकायचं असतं तर फोन कशाला केला असता?"

तिनं माफी मागितली, वॉशिंग मशीनची तक्रार कॉम्प्युटरवर लिहून घेतली. कॉल संपला न संपला तोच ऑफिसातल्या वरच्या मॅडमचा आवाज कानात आला.

"चार वाजता मी स्वतः कॉल करून बघणार. आवाज घुमला तर घरून काम बंद. सोमवारपासून ऑफिसात या. माझाही नाइलाज आहे."

ऑफिस म्हणजे जाऊन-येऊन दहा तास. आणि पलीकडच्या खोलीत आई. खाटेवरून उठताना तिचा तोल जायचा, दोनदा पडली होती. घरात तिसरं माणूस नाही. आईला कुणावर सोडावं तर कुणी नाही, नोकरी सोडावी तर चूल नाही.

कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याला तिनं कॉम्प्युटरवरूनच कॉल लावला.

"ताई, मी बोलत राहतो, तुम्ही एकेक करून बघा. हॅलो. परत आलं बघा, हॅलो."

तिनं खिडकी लावली. भिंतींवर चादरी टांगल्या. हेडफोनचा आवाज कमी केला. कानावरचा माइक बदलला.

"हॅलो. आहे अजून."

शेवटी ती कपाटात शिरली. हँगरवरच्या कपड्यांखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि आतून दार ओढलं. काळोखात तिला स्वतःचाच श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासापलीकडे, हेडफोनमध्ये, रोजच्यासारखा आईचा.

"हॅलो. ताई, आता मला माझाच कंटाळा आला."

"दादा, मी कपाटात बसलेय."

"बाहेर या आधी! कपाटाचा काय दोष? असं करा, एकेक वायर काढत जा. जी काढल्यावर माझा आवाज परत येणार नाही, तीच चोर."

मागे तीन वायरी होत्या. दोन काढून परत लावल्या. तिसरी काळी, दाराखालून सरपटत आईच्या खोलीत गेलेली. तिथं तिचा हात थांबला.

त्या वायरीच्या टोकाला आईच्या उशाशी एक गोल डबी होती. तिच्यात माइकही होता आणि स्पीकरही. काम करताना आईची हाक कानावर यावी म्हणून तिनंच ती मागवलेली, या दुरुस्तीवाल्यानंच जोडून दिलेली. आईचा आवाज इकडे यावा, इकडचा तिकडे जाऊ नये, म्हणून पहिल्याच दिवशी तिनं डबीच्या आवाजाचं बटण पार कमी करून ठेवलं होतं.

तिनं वायर ओढली.

"गेलं! ताई, गेलं!" दुरुस्तीवाला ओरडला.

आईचा श्वासही गेला होता. ती तशीच पलीकडे धावली.

आई खाटेवर बसली होती, डबी मांडीवर घेऊन. बटण शेवटपर्यंत फिरवलेलं.

"बंद पडलं का गं हे?"

"आई, हे कधीपासून?"

"झाला महिना. कान मंद होत चाललेत, मग रोज थोडं वाढवायचे." आईनं डबीवरून बोट फिरवलं. "त्या मशीनवालीकडे माणूस पाठवलास का? तीन दिवस पाण्यात उभी आहे बिचारी."

"माझी नोकरी चाललीय! ते लोक बोलतात ते या डबीतून वाजतं, आणि हिच्याच माइकातून परत त्यांच्याकडे जातं."

"मला काय माहीत, ऐकलेलं परत जातं म्हणून? मी तर ब्र काढला नाही तोंडातून." आईनं डबी मांडीवरून उचलून खाटेवर ठेवली. "रेडिओही बोलतो गं. पण त्याला आपल्याशी काही घेणंदेणं नसतं. ने ती डबी. भिंती आहेत बोलायला. उलट उत्तर तरी देत नाहीत."

डबी नेली तर आई एकटी, आणि पडली तर कळणारही नाही. ठेवली तर सोमवारपासून दिवसभर एकटी. साडेतीन वाजले होते. तिनं आपल्या खोलीतलं टेबल इकडे ओढायला सुरुवात केली.

टेबल खाट आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम बसलं. खुर्ची मागे सरकवली की दाराला टेकायची, दार उघडायचं नाही. कॉम्प्युटर जोडला. डबी खाटेखाली, वायर गुंडाळून. हेडफोन कानावर.

"एक शब्द नाही, आई. खोकलासुद्धा नाही."

आईनं ओठांवर बोट ठेवलं आणि शाळेतल्या पोरीसारखी हाताची घडी घातली.

चारला मॅडमचा कॉल आला. मॅडम बोलत राहिल्या, ऐकत राहिल्या, आकडे म्हणायला लावले. आकडे म्हणता म्हणता तिला दिसलं, आईच्या गळ्याची शीर ताठ झालीय. मग चेहरा लाल. मग आईनं उशी उचलली आणि तोंडावर गच्च दाबली. खांदे हलत होते, आवाज नव्हता.

"छान. एकदम स्वच्छ," मॅडम म्हणाल्या. "घरी कामाच्या वेळी खोलीत आणखी कुणी नसतं ना?"

तिनं आईकडे पाहिलं. उशीवरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"नाही मॅडम. एकटीच असते."

कॉल बंद झाला. आईचा खोकला फुटला तो थांबेचना. तिनं पाणी पाजलं, पाठ चोळली. धाप थोडी बसली तशी आई म्हणाली, "बरं सांगितलंस."

"आई, तसं नाही गं..."

"बरंच सांगितलंस. सहाला सुटतेस ना? सहापर्यंत मी नाहीच."

पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकला. पुढचं गिऱ्हाईक. तिचा हात माउसकडे जाण्याआधी आईचा हात उशीकडे गेला होता.