भुकेच्या गवतावर

आमच्या खालच्या शेताच्या कोपऱ्यात गवताचा एक पट्टा आहे, त्याला कोणी विळा लावत नाही. बटाटे काळे पडून सडले त्या दुष्काळात माझ्या आजीचा धाकटा भाऊ तिथे पडला तो उठलाच नाही. तोंडात गवत होतं म्हणे. तेव्हापासून ते भुकेचं गवत. त्यावर पाय पडला की अंगातलं त्राण जातं, आणि लगेच घासभर खायला मिळालं नाही तर माणूस गेलाच समजा. म्हणून आमच्याकडे शेतावर जाताना खिशात ओटच्या भाकरीचा तुकडा ठेवतात.

माझी बायको डीलिया, गॉलवे शहरातली. ती काही केल्या ऐकेना. "मी काय उंदीर आहे, तुकडे घेऊन हिंडायला?" म्हणायची. मला हसू यायचं, आईला संताप.

त्या दिवशी आई आणि मी वाळलेलं गवत गोळा करत होतो. डीलिया चहाची किटली घेऊन आली ती जवळचा रस्ता म्हणून सरळ त्या पट्ट्यातून. मधोमध पोचली आणि धाडकन पडली.

मी असल्या गोष्टींची टिंगल करणारा माणूस, पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मी धावलो.

"भाकरी घाल तोंडात!" आई मागून ओरडली. "बघतोस काय मेल्या, जाईल ती!"

मी खिशातला तुकडा तिच्या ओठांत कोंबला. तिने डोळे उघडले, मला ढकललं आणि भडाभडा ओकली.

"दूर कर ती भाकरी," ती कण्हली. "वासानंच मळमळतंय."

आई एकदम थांबली. "कधीपासून गं?"

"झाले आठ-पंधरा दिवस."

"आणि पाळी?"

"चुकलीय. मला वाटलं, कामाच्या दगदगीनं..."

"अगं भवाने, तुला दिवस गेलेत! आणि हा गाढव तुला भाकरी कोंबतोय!"

"तूच सांगितलंस ना!" मी म्हणालो आणि मला रडूच फुटलं. इतका जीव भांड्यात पडला होता.

जन्मभर त्या पट्ट्याला वळसा घालणारी माझी आई तिथेच फतकल मारून बसली आणि हसायला लागली.

"चला, घरात आणखी एक खाणारं तोंड आलं!"

हे शब्द आमच्या घरात त्याआधी एकदाच कोणी उच्चारले होते. त्या दुष्काळात पणजीला शेवटचं मूल झालं तेव्हा तिनेच, बाळाकडे पाठ फिरवून. आई ते सांगताना नेहमी आवाज खाली आणायची. त्या दिवशी ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पलीकडच्या शेतातल्या माणसांनी माना वर केल्या.