मिस म्हणजे काय, बाई?

मिस्त्रींचं इंग्रजी सुट्या भागांच्या खोक्यांवर वाढलेलं. गॅस्केट, बेअरिंग, क्लच प्लेट हे शब्द ते झोपेतही वाचतील. त्यापलीकडे मात्र अक्षराला अक्षर जोडत. मंगळवारी दुपारी मुलीचा निरोप फोनवर आला, तेव्हा त्यांनी हात चिंधीला पुसले, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि हळूहळू वाचलं, "मिस यू बाबा."

मुलगी, म्हणजे घरची बबडी, तीन आठवड्यांपूर्वी चष्म्याची भिंगं करणाऱ्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागली होती. बसने पाच तास दूर. मिस्त्रींनी स्वतः जुळवलेली जुनी स्कूटर तिच्या सामानाबरोबर टेम्पोत चढवून दिली होती. आणि गॅरेजमध्ये 'मिस'चा अर्थ एकच. इंजिन मध्येच एखादा ठोका गाळतं, गाडी आचके देते आणि गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "मिस्त्री, मिसिंग आहे बघा." पुढचं 'यू' घाईत बोटाखाली आलं असेल, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे उत्तर धाडलं, "प्लग काढून पुसून बघ. तरी मिस मारली तर कार्बुरेटर उघडावा लागेल. घाबरू नकोस."

तिकडून "बरं बाबा" एवढंच आलं. बुधवार गेला, गुरुवार गेला, फोन नाही.

"अहो, पोरगी गप्प का?" बायकोने विचारलं. ती घरातच पाळणाघर चालवायची. तेव्हाही तिच्या कडेवर एक आणि पायाला बिलगलेली दोन अशी दुसऱ्यांची लेकरं होती.

"गाडीच्या मागे लागली असेल," मिस्त्री म्हणाले.

शुक्रवारी शाळेतल्या बाई ब्रेक आवळून घ्यायला आल्या. मिस्त्री चाकापाशी बसले होते. न राहवून त्यांनी विचारलं, "मिस म्हणजे काय, बाई? इंग्रजीतलं."

बाईंना शब्दाचा अर्थ विचारणं म्हणजे वाहत्या नळाला पाणी मागणं. स्टुलावर सरसावून बसत त्या म्हणाल्या, "कुठला मिस? नेम हुकला, मिस. बस चुकली, मिस. तासाला दांडी मारली, तोही मिस. एखादी गोष्ट पाहायची राहून गेली, ती मिस. आणि लग्न न झालेल्या बाईच्या नावामागे लावतात तो मिस, पण त्याचं घराणंच वेगळं."

"आणि इंजिनाचा?"

"तोही हुकल्यातलाच. ठोका हुकतो ना?"

"मग पुढे यू आला तर? मिस यू?"

"कोणी लिहिलंय?"

"बबडीने."

बाईंचा शिकवायचा आवाज एकदम घरगुती झाला. "अहो मिस्त्री, तिला तुमची आठवण येतेय. तुमच्यावाचून करमत नाहीये. आपण म्हणतो ना, चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय, तेच हे. गंमत बघा, आपल्याकडेही चुकणंच आहे."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "मी तिला प्लग पुसायला सांगितला."

बाईंनी हसू दाबून पाहिलं, जमलं नाही. मिस्त्रीही हसले. पण त्या दिवशी त्यांनी बाईंचा एकच ब्रेक आवळला आणि दुसरा तसाच ठेवला. बाईंना परत यावं लागलं.

संध्याकाळी ते फोन घेऊन बसले. 'मलाही' असं लिहिलं, खोडलं. 'घर' लिहिलं, खोडलं. शेवटी बायकोला म्हणाले, "अगं, मी उद्या जाऊनच येतो."

"आधी फोन करा."

"अचानक गेल्यात मजा असते."

सकाळी पहिल्या बससाठी ते वेळेआधी अर्धा तास थांब्यावर हजर होते. तरी बस चुकली. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच बसचं इंजिन खरखरत होतं. तिच्या ड्रायव्हरला त्याचं कारण समजावून सांगताना यांची बस मागून निघून गेली. पुढची तासाभराने मिळाली.

बबडीच्या खोलीचं दार तिच्या मैत्रिणीने उघडलं आणि तिने डोक्यालाच हात लावला. "काका! ती तर सकाळच्या बसने तुमच्याकडे निघाली! अचानक जाऊन चकित करते म्हणाली."

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, तुम्ही तिथे काय करताय?"

"तू तिथे काय करतेस?"

"थांबा, मी लगेच निघते."

"नको नको, तू थांब, मीच निघतो."

बायकोने फोन हिसकावला. "दोघं निघालात तर पुन्हा चुकामूक! ही इथून हलणार नाही. उद्याही हिला सुट्टी आहे. तुम्ही या. आणि बसमध्ये बसल्यावर उतरू नका, कोणाचं काही खरखरलं तरी!"

परतीच्या बसला दीड तास होता. मैत्रिणीने चहा केला. चहा होईस्तोवर मिस्त्री सवयीने अंगणातल्या स्कूटरकडे गेले. पहिल्याच किकला चालू झाली. आवाज असा सरळ, की दोष काढायला जागा नाही. त्यांनी प्लग काढून पाहिला. लखलखीत.

"गाडीला काही झालंच नव्हतं, काका," मैत्रीण कप हातात देत म्हणाली. "तुमचा निरोप वाचून ती आधी खूप हसली. मग थोडी रडली. मग म्हणाली, बाबांनी सांगितलंय ना, आणि बसली प्लग घासत."

मिस्त्रींनी चहा फुंकून फुंकून गार केला. तो केव्हा संपला, त्यांना कळलं नाही.

बस पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. बबडी थांब्यावर उभी होती, केस नीट बांधून, कामावर निघाल्यासारखी. तीन आठवड्यांत पोर मोठी दिसायला लागली होती. पाच तास मिस्त्रींनी एक वाक्य घोळवत आणलं होतं. उतरल्यावर ते निम्मंच निघालं. "तू नसलीस की गॅरेजात ना..."

"मलापण," ती म्हणाली आणि त्यांची पिशवी घेऊन चालू लागली.

रस्ताभर ती भिंगांबद्दलच बोलत होती. केसाएवढा ओरखडा कसा पकडायचा, उजेड कोणत्या बाजूने घ्यायचा. मिस्त्री मन लावून ऐकत होते आणि मधूनमधून, चांगला कारागीर विचारतो तसे प्रश्न विचारत होते.

पुढे ठरूनच गेलं. महिन्यातला एक शनिवार गॅरेज बंद. एकदा तिने यायचं, एकदा त्यांनी जायचं. आणि कोणाची पाळी आहे, हे शुक्रवारी दोघांना फोन करून आई सांगते.