आईच्या कानातला आवाज

जिन्यापासून आमच्या दारापर्यंत रांग लागली होती. आत आई खुर्चीत डोळे मिटून बसलेली, उजवा हात कानावर. रांग सांभाळायला मावशी, आईची धाकटी बहीण.

"एकेकाने विचारा! प्रश्न छोटा ठेवा, पलीकडे फार गर्दी असते!"

पलीकडे म्हणजे कुठे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आईला कुणा अदृश्याचा आवाज ऐकू येई. "उद्या पाऊस," ती म्हणाली आणि पडला. "नदीवरचा पूल बंद," म्हणाली आणि पूल बंद झालाच. खोलीत इतरांना अवाक्षर ऐकू येत नसे. बहिरी म्हणून दहा वर्षं जिला कुणी काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही, तिच्या तोंडाकडे आता सगळी इमारत डोळे लावून बसली होती.

कानाची यंत्रं बसवणं हाच माझा धंदा. आईचं नवं यंत्रही मीच बसवलेलं. त्यामुळे घोळ काय झालाय हे माझ्या लगेच लक्षात आलं. यंत्राचं बटण सरकवायला हात पुढे केला, तर आई हसून म्हणाली, "बघ, माझं ऐकायला किती माणसं आलीत!" मी हात मागे घेतला.

मग एके दिवशी शेजारच्या पोस्टमनभाऊंची बायको आली.

"काकू, यांना साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळलीय. डॉक्टर म्हणतात, आजच दाखल करा. करू का?"

आईने कान टवकारले. "धोका टळला आहे," ती हळूहळू म्हणाली. "घाबरून कुणीही घर सोडू नये."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दाराआड उभा होतो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणजे जातीलच की, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ते गेले नाहीत. पाचव्या दिवशी भाऊंना ताप चढला, तेव्हा कुठे नेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. "चार दिवस आधी आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं," डॉक्टर म्हणाले.

"पाय गेला, पण जीव वाचला तो आमच्या ताईमुळे!" दुसऱ्या दिवशी मावशीने भर रांगेत जाहीर केलं. माझी मलाच लाज वाटली. मी वर राहणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांकडे जाऊन विनंती केली, "टीव्ही लावा, आणि ऐकू येईल ते खिडकीतून ओरडून सांगा."

खाली आई म्हणाली, "टोमॅटोचे भाव उतरले."

"टोमॅटोचे भाव उतरले!" खिडकीतून मास्तर ओरडले.

तीन वाक्यं तशीच जुळली. मग मी आईच्या यंत्राचं बटण सरकवलं.

"गेला आवाज," आई म्हणाली.

मी सगळं सांगितलं. मास्तरही कानाने अधू. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते टीव्ही मुका ठेवत. मीच त्यांच्या गालिच्याखाली तार फिरवून दिली होती. तिच्यातून जाणारा टीव्हीचा आवाज त्यांच्या यंत्रातलं बारीक वेटोळं पकडतं. आईच्या यंत्रातही तेच वेटोळं, आणि त्याचं बटण मी घाईत चालू ठेवलेलं. आणि बातम्यांत धोका टळला होता तो पुराचा, नदीकाठच्या लोकांचा.

"म्हणजे पलीकडे..." मावशी पुटपुटली.

"वरच्या मजल्यावर, मावशी."

मास्तर खाली आले होते. "तारेतलं छतातून खाली उतरतं, हाही निसर्गच," ते म्हणाले. "आपल्याला ठाऊक नव्हता, एवढंच."

आईने माझ्याकडे पाहिलं. "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "आवाज सुरू झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मी नवव्या दिवशी विचारायला आले होते," त्या म्हणाल्या आणि दवाखान्यात डबा द्यायला निघून गेल्या.

म्हणून सांगतो. चमत्कार दिसला की कारण शोधा. सापडलं, तर आईला काय वाटेल, शेजारी काय म्हणतील, असला विचार न करता त्याच दिवशी सांगून टाका. मी सात दिवस गप्प बसलो. आणि वहिनी विचारून गेल्या, त्यानंतरचे चार दिवसही.