उखाण्याशिवाय नाव

“नवऱ्याचं नाव घेऊन विचारा,” लुंबिनी मॅडम म्हणाल्या, आणि मी खुळ्यासारखं उठून उखाणाच घेतला. घरचा माणूस मनानं खचला तर काय करायचं, हे त्या शिकवत होत्या; नांदेडच्या त्या हॉलमध्ये आम्ही सगळ्या माजी सैनिकांच्या बायका नि आया. हसून हसून बायकांनी पदर तोंडाला लावले. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, उखाण्यात नको केवळाताई, नुसतं नाव घ्या आणि सरळ विचारा, मरावंसं वाटतं का.

मला रागच आला. असलं कुणी तोंडानं विचारतं का? नसलेलं डोक्यात भरवायचं? मॅडम म्हणाल्या, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते येत नाही, उलट कोंडलेलं बाहेर पडतं. हो म्हणाले तर एकटं सोडायचं नाही, डॉक्टरकडं न्यायचं.

आमचे हे फौजेतून कायमचे घरी आले तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले होते. वाटलं, सुटले बाई वाट बघण्यातून. पूर्वी सुट्टीवर आले की गल्लीच्या तोंडापासून ‘केवळाऽ’ अशी हाक यायची. शेजारणी चिडवून बेजार करायच्या. आता माणूस दिवसभर डोळ्यांपुढं असतो, पण ती हाक नाही. त्या हाकेसाठी जीव नुसता तुटतो माझा.

त्यांनाही कोण हाक मारतं म्हणा! गावाला ते फौजी, पोरांना पप्पा, मला अहो. नावानं बोलवायच्या त्या एकट्या सासूबाई, त्याही गेल्या. परवा त्यांनी हातातलं आवडतं घड्याळ माझ्या भावाला देऊन टाकलं. वर म्हणाले, माझ्याबिगर बी तुमचं भागतंय की.

मुखेडच्या एसटीत वाटभर मी ते नाव पुटपुटत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, कोणता जप करून राहिल्या? हाव, जपच हाय, मी म्हटलं.

घरी आले तर हे ओसरीत भिंतीकडं बघत बसलेले. मी पिशवी ठेवली नि पुढ्यात बसले. जीभ वळेना.

“ग्यानोबा.”

त्यांनी दचकून वर पाहिलं.

“तुम्हाला मरावंसं वाटून राहिलंय का?”

ते खाली बघत म्हणाले, “हाव.”

मी उठले नाही, त्यांचा हात घट्ट धरला. उद्या दोघं मिळून नांदेडला डॉक्टरकडं जाऊ, म्हटलं. त्यांनी नको म्हटलं नाही. नुसते रडत राहिले.

“माय गेल्यापासून नावानं कुणी बोलवलंच न्हाई,” ते म्हणाले. “अजून एक डाव म्हण.”

मी म्हटलं. अंगण झाडता झाडता शेजारची पारूबाई हात थांबवून बघत राहिली. बघू दे.

“ओ,” ते म्हणाले.

मी हात सोडला नाही. ते आता ‘केवळा’ म्हणतील, म्हणून तशीच बसून राहिले. वाट बघायची मला सवय आहे.