ओळखीचा अंगठा

"सिस्टर, पूर्ण बरा झालेला पेशंट तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

विचारून झालं आणि रेडिओला वाटलं, आता आपली धडगत नाही. तिच्या तिघी मैत्रिणी चादरींच्या कपाटाआड तोंड दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. नर्सिंगच्या वर्गात अखंड बोलणारी ही एकटी, म्हणून नाव रेडिओ. मोठ्या सिस्टरांना असलं काही विचारायला दुसरं कोण जाणार?

मोठ्या सिस्टर ट्रेमध्ये कापसाचे बोळे रचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बरा होत आलेला रोज पाहते. पूर्ण बरा झालेला माणूस इथे कशाला थांबेल? टाके इथे पडतात, निघतात कुठेतरी घराजवळच्या दवाखान्यात."

"मग तुम्हाला चुकल्यासारखं नाही वाटत?"

"मला टाके पडतानाच हुशारी येते. कुणाला निघताना येत असेल. तुझं तू बघ. आणि त्या तिघींना सांग, कपाटाखालून पाय दिसतायत."

बघायचं तर होतंच. शिक्षण संपलं होतं. हॉस्पिटलने कायमची जागा देऊ केली होती आणि घराजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईही "माझ्याकडे ये" म्हणाल्या होत्या. दोघांना शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. मैत्रिणींच्या मते यात डोकं खाजवण्यासारखं काहीच नव्हतं. हॉस्पिटल म्हणजे धावपळ, नवी यंत्रं, रोज काहीतरी घडणार. दवाखाना म्हणजे सर्दी, खोकला आणि "आलेच आहे तर बीपी बघता का". घरी तर आई अख्ख्या गणगोताला हॉस्पिटलचं सांगून मोकळी झाली होती. रेडिओचंही तेच ठरल्यात जमा होतं. पण डॉक्टरबाईंना तोंडावर नाही म्हणणं जिवावर आलं, म्हणून शुक्रवारी ती एक दिवस काम बघायला गेली.

सकाळ रटाळ गेली. दोन बाकं, एक वजनकाटा, आणि गुडघा दाखवायला येऊन नातजावयाची कुंडली मांडणाऱ्या एक आजी. आयुष्यात पहिल्यांदाच रेडिओला मध्ये बोलायला फट मिळेना.

बाराच्या सुमारास एक सुतार टाके काढायला आला. चेहरा काही ओळखीचा नव्हता. तिने पट्टी सोडली आणि ती थबकली. अंगठा ओळखीचा होता. नखाच्या कडेने वळसा घेऊन तळव्यात उतरलेली जखम. दहा दिवसांपूर्वी हॉस्पिटलात डॉक्टर टाके घालत होते, तेव्हा हाच अंगठा तिने अर्धा तास धरून ठेवला होता. वर बघायला सवड कुठे होती?

सुतार तिच्याकडे निरखून बघत होता.

"आवाज ऐकल्यासारखा वाटतो. दहापासून उलटे आकडे म्हणायला लावणाऱ्या तुम्हीच ना?"

"मीच. तुम्ही सातावर अडकला होतात."

"अडकलो नव्हतो, थांबलो होतो. शून्यावर काय करतील याची धास्ती."

ती हसली. मग एकेक टाका चिमट्यात धरून कापत, अलगद ओढत गेली. शेवटचा निघाल्यावर म्हणाली, "वाकवा बघू."

अंगठा वाकला.

"परत."

परत वाकला. सुताराने तो दोन-तीनदा उगीचच वाकवून पाहिला, तिने दोन-तीनदा उगीचच बघितला.

"झालं का गं?" आतून डॉक्टरबाईंनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. सुतार गेल्यावरही बराच वेळ ती हात धूत राहिली.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई मावशीशी फोनवर बोलत होती. "हो गं, मोठ्या हॉस्पिटलात. आठ मजली आहे." बाबा शर्टाला इस्त्री करत होते. आईने फोन ठेवेपर्यंत ती दारातच चपला न काढता उभी राहिली.

"आई, मावशीला परत फोन लाव."

"का? काय राहिलं?"

"सोमवारपासून मी दवाखान्यात जाणार आहे. डॉक्टरबाईंकडे."

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"हॉस्पिटलने नाही म्हटलं का, बाळा?"

"त्यांनी नाही, बाबा. मी म्हटलं. येताना सांगूनच आले."