पाट्या बदलायच्या राहिल्या

विनायकराव बोकील यांचा माणसांपेक्षा कागदावर विश्वास जास्त. एकोणतीस वर्षं केंद्र सरकारच्या मंत्रालयात फायली हलवल्यावर दुसरं काय होणार म्हणा! लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये गॅसचा सिलिंडर कधी लावला याची नोंद होती, पडदे कधी धुतले याची होती आणि गेल्या चार वर्षांपासून ढब्बूच्या वजनाचीही होती. दर रविवारी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर.

ढब्बू म्हणजे चिंचिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एक गलेलठ्ठ खार डोळ्यांपुढे आणावी, तिला सशाला शोभतील असे कान लावावेत आणि अंगावर राखाडी लोकर इतकी दाट चढवावी की बोट खुपसलं तरी कातडी लागू नये. हे जनावर मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या थंड डोंगरांवरचं. त्याच्या नशिबी दिल्लीचा उन्हाळा कुणी लिहिला देव जाणे. त्याच्यासाठी मधल्या खोलीत मार्चपासून एसी लागे आणि तिथे बसताना विनायकराव स्वेटर घालत. पाणी त्याला वर्ज्य, आंघोळ बारीक मातीत लोळून. मुलगी रुचिता नोएडात नोकरीला होती तेव्हा तिने तो आणला, नोंदणीचे कागदही केले, आणि लग्न होऊन बंगळूरला जाताना 'बाबा, पंधरा दिवस सांभाळा' म्हणून ठेवून गेली. ते पंधरा दिवस अजून संपले नव्हते.

सुरुवातीला विनायकराव त्याला उंदीर म्हणत. सहा महिन्यांनी ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आधी पिंजऱ्याचं दार उघडू लागले. ढब्बू त्यांच्या हातावरून सरसर वर चढे, खांद्यावर बसे आणि कॉलर कुरतडत राही. सुमित्राबाईंनी आजवर नवऱ्याच्या सात शर्टांच्या कॉलरी शिंप्याकडून उलटवून घेतल्या होत्या. नवरा कुणाशी लाडाने बोलू शकतो हे त्यांना लग्नाला तीस वर्षं झाल्यावर कळलं, आणि तेही दाराआडून ऐकून.

या फेब्रुवारीत ढब्बूने खाणं कमी केलं. कोपऱ्यात बसून राही. नोंदवहीत वजन चाळीस ग्रॅमने उतरलं तशी विनायकरावांची भूकही उतरली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "बीमारी कुछ नहीं है सर. अकेला है. साथी लाइए." 

मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं तेव्हा मानेसरच्या स्वरूपाचं नाव निघालं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला, एकटी राहणारी, आणि घरात पाच चिंचिला. तिने आपला मुन्ना देऊ केला. "काका, महिनाभर ठेवून बघा. नाही जमलं तर बिल्कुल परत आणा. पण एकदम एकत्र सोडू नका हं. अनोळखी असले की जीव घेतील एकमेकांचा. हळूहळू, टप्प्याटप्प्याने."

टप्पे म्हटल्यावर विनायकरावांना हुरूप आला. त्यांनी तारखांसकट यादी टाइप करून फ्रिजवर लावली. पहिले पंधरा दिवस वेगळ्या खोल्या. मग पिंजरे शेजारी, मध्ये हातभर अंतर. मग एकाचं मातीचं घंगाळ दुसऱ्याला. शिवाय दोन्ही पिंजऱ्यांवर लॅमिनेट केलेल्या पाट्या: 'ढब्बू' आणि 'मुन्ना'. दोघेही राखाडी, दोघेही नर, अंगापिंडाने सारखे. पण विनायकरावांचं म्हणणं, ढब्बूला आपण अंधारातसुद्धा ओळखू. पाट्या आहेत त्या सुमित्राच्या सोयीसाठी.

एकविसाव्या दिवशी बाथरूममध्ये समोरासमोर भेट ठरली. दोघांनी एकमेकांचा वास घेतला, इतकंच पाहायला मिळालं. पुढच्या क्षणी दोन राखाडी गोळे एकमेकांत गुंतून बादलीवर आदळले. असा आवाज त्या इवल्या जिवांतून निघू शकतो हे बोकीलांना ठाऊकच नव्हतं. सगळीकडे लोकर उडत होती. विनायकरावांनी झेप घेऊन ढब्बूला धरलं, तो निसटला, आणि त्यांच्या मुठीत राहिला लोकरीचा हा एवढा पुंजका. त्यांना वाटलं, कातडीच सोलून आली. "सुमित्रा, मी मारला गं त्याला," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. दोघांच्याही पाठीवर टक्कल पडलं होतं; त्यांना टॉवेलात गुंडाळून आपापल्या पिंजऱ्यात टाकलं ते सुमित्राबाईंनी.

फोनवर स्वरूपा मात्र शांत होती. "काही नाही होत काका. घाबरला की तो लोकर सोडून निसटतो, परत येते ती. एक टप्पा मागे जा. आठवडाभर पिंजरेच बदला, ह्याला त्याच्यात, त्याला ह्याच्यात. वासाची सवय होऊ दे."

विनायकरावांनी यादीत शेवटी लिहिलं: 'पिंजऱ्यांची अदलाबदल.' दुसऱ्या दिवशी त्यांना चार दिवसांच्या सरकारी दौऱ्यावर भोपाळला जावं लागलं.

ते शनिवारी संध्याकाळी परतले तेव्हा घर रिकामं होतं. सुमित्राबाई भाचीच्या मुलाच्या बारशाला सकाळीच पुण्याला गेल्या होत्या. विनायकराव बॅग दारात टाकून मधल्या खोलीत शिरले. 'ढब्बू'च्या पिंजऱ्यात ढब्बू पाठ करून बसला होता. पाठीवर लोकर गेलेलं टक्कल तसंच. त्यांनी हाक मारली, दार उघडलं, हात पुढे केला. तो आणखी कोपऱ्यात सरकला. आणि शेजारी 'मुन्ना'च्या पिंजऱ्यात तो पाहुणा चवताळला होता. विनायकराव दिसताच त्याने गजांवर उड्या मारायला सुरुवात केली. गज चावत होता, भुंकल्यासारखा ओरडत होता, पुढचे पाय गजांतून बाहेर काढत होता.

विनायकरावांचं माथं भडकलं. आपण चार दिवस घरात नाही तर ह्या गुंडाने आपल्या पोराची काय दशा करून टाकली! जोडीदार नको आणि काही नको. रविवारी सकाळी त्यांनी 'मुन्ना'चा पिंजरा गाडीत ठेवला आणि मानेसर गाठलं. तो वाटभर गज चावत होता, म्हणून त्यांनी रेडिओ मोठा केला. स्वरूपाने फारसं विचारलं नाही. "ठीक आहे काका, कधीकधी नाही जमत," म्हणाली आणि जनावर आत घेऊन गेली. रिकामा पिंजरा घेऊन परतताना विनायकरावांना किती हलकं वाटलं, काय सांगावं!

पुढचे तीन दिवस त्यांनी रुसलेल्या ढब्बूची मनधरणी केली. "गेला बरं तो. आता कुणी नाही. फक्त आपण दोघं," असं त्याला परत परत सांगितलं. रुचिताने व्हिडिओवर पाहून म्हटलं, "बाबा, हा असा नाही बसायचा यार." तर तिलाच दटावलं. मंगळवारी संध्याकाळी त्याने त्यांच्या बोटांतून सुक्या गुलाबाची एक पाकळी घेतली. विनायकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बुधवारी सकाळी ते फ्रिजवरची यादी काढायला गेले. प्रकरण संपलं म्हणजे कागद फायलीला लागला पाहिजे. चष्मा लावून त्यांनी एकदा वरपासून खाली वाचलं. शेवटच्या ओळीपुढे लाल पेनाने बरोबरची खूण होती, आणि सुमित्राबाईंच्या अक्षरात: 'केली. शुक्रवार, दुपारी चार.'

विनायकरावांनी ती ओळ पुन्हा वाचली. पुण्याला फोन लावताना बोट दोनदा चुकलं.

"अगं, पिंजरे... पिंजरे बदलले होतेस तू?"

"हो, बदलले ना. तुमच्याच यादीत होतं. का हो?"

"आणि पाट्या?"

"पाट्या बदला असं कुठे लिहिलं होतं?" सुमित्राबाई म्हणाल्या. "अहो... तुम्ही कुणाला देऊन आलात?"

आयुष्यभर विनायकरावांनी पाहिलं होतं, साहेब बदलून जातो आणि दारावर महिनाभर जुन्याच साहेबाची पाटी लटकत राहते. नवीन येणाऱ्याला तेच हसून सांगत, पाटी बघू नका, आत डोकावून बघा म्हणून. आणि ढब्बू? तो गज चावत होता, ओरडत होता, पाय बाहेर काढत होता. तो भांडत नव्हता. चार दिवसांनी घरी आलेल्या माणसाला तो हाक मारत होता. त्या माणसाने रेडिओ मोठा केला आणि त्याला परक्या घरी नेऊन टाकलं. विनायकरावांना आपलीच शिसारी आली.

त्या दिवशी नोकरीत पहिल्यांदा त्यांनी अर्ज न देता रजा घेतली. मधल्या खोलीतल्या बिचाऱ्या मुन्नाला पिंजऱ्यासकट गाडीत घातलं आणि निघाले. गुडगावच्या गर्दीत तासभर अडकून पडले तेव्हा स्टिअरिंगवर मूठ आपटत होते. ढब्बू खात असेल का, हा एकच प्रश्न. आधीच चाळीस ग्रॅम उतरलेला. त्यात माणूस टाकून गेलेला.

स्वरूपाची कारखान्यात दुसरी, दुपारची पाळी होती, त्यामुळे ती घरी सापडली. मुन्नाचा पिंजरा उंबऱ्याशी ठेवून विनायकरावांनी दारातच सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे हा मुन्ना नाही?" ती म्हणाली. "काका, पहिल्याच दिवशी मला दोनदा चावला हो. मुन्ना कधीच चावत नाही. मला वाटलं, तुमच्याकडे राहून बिघडला. मीसुद्धा नाही ओळखलं!"

"वेगळा ठेवलायस ना? कुणाजवळ सोडला नाहीस ना?"

स्वरूपाने मान खाली घातली. "आपल्याच घरचा समजले ना मी. आणल्या आणल्या आमच्या म्हाताऱ्या चिंचिलाच्या, आप्पाच्या पिंजऱ्यात सोडला."

विनायकरावांच्या डोळ्यांपुढे बाथरूममधली लोकर उडाली. ती पुढे काय सांगते आहे ते ऐकायला ते थांबलेच नाहीत, तिला बाजूला सारून आत घुसले.

एसीच्या खोलीत, खिडकीजवळच्या मोठ्या पिंजऱ्यात, फळीवर दोन चिंचिला एकमेकांना चिकटून झोपले होते. एक म्हातारा, कानाला खाच पडलेला. दुसऱ्याच्या पाठीवर टक्कल. म्हाताऱ्याने आपली हनुवटी त्या टकलावर टेकली होती.

विनायकराव बघतच राहिले. महिनाभर तारखा घालून, टप्पे पाडून जे होईना, ते इथे चुकून झालं होतं.

"पहिल्या रात्री जरा पाठ फिरवून बसले दोघं," मुन्नाचा पिंजरा आत आणून ठेवत स्वरूपा मागून हळूच म्हणाली. "सकाळी बघते तर हे असं. आणि खातो किती! आप्पाच्या वाटचंसुद्धा."

"ढब्बू," विनायकरावांनी हाक मारली.

कान हलले. टक्कलवाला उठला, फळीवरून उडी मारून दाराशी आला आणि दार उघडताच हातावरून खांद्यावर चढला. कॉलरचं टोक त्याने लगेच दातांत धरलं. ओळखायला त्याला अर्धा क्षणही लागला नाही. इतकी लाज विनायकरावांना जन्मात वाटली नव्हती आणि इतका आनंदही झाला नव्हता. "चुकलो रे राजा," ते म्हणाले.

"न्या काका," स्वरूपा म्हणाली. "तुमचाच आहे."

तेवढ्यात आत आप्पा उठला. त्याने फळीवर इकडेतिकडे पाहिलं, दाराशी आला, आणि पुढचे पाय गजांतून बाहेर काढून गज चावू लागला.

खांद्यावरचं कुरतडणं थांबलं. ढब्बूचे दोन्ही कान तिकडे वळले होते.

आप्पा काय म्हणतोय हे विनायकरावांना आज कुणी सांगायला नको होतं. मग त्यांनी आपला हात पिंजऱ्याच्या दाराला टेकवला. ढब्बू खांद्यावरून दंडावर, दंडावरून मनगटावर आला आणि मागे न बघता आत गेला. कडी विनायकरावांनी स्वतःच लावली.

"काका, अहो, पण तुम्ही..." स्वरूपा म्हणाली.

"खातोय ना तो," विनायकराव म्हणाले. "मग झालं."

खिशातला फोन वाजला. पुण्याहून सुमित्राबाई होत्या. सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"सापडला का हो?"

"सापडला."

"सुखरूप आहे ना?"

"अगदी मजेत आहे."

"देवा!" सुमित्राबाईंनी सुस्कारा टाकला. "मग जेवायच्या वेळेपर्यंत पोचाल ना दोघं घरी?"

विनायकरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्या पोरीसमोर, तिच्या सहाही चिंचिलांसमोर, त्यांना रडू फुटलं.